जंतूंची ओळखपरेड

कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती शहाडला. एका अंगाला उल्हासनगरची दाट वस्ती, जवळच रेयॉनचा मोठा कारखाना आणि बिर्लांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ. गाडी पुढे सरकली की पुलाखालून वाहते ती उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून, कर्जत आणि बदलापूर मागे टाकून ती इथवर आलेली असते. १९४७ नंतर सिंधमधून निघालेली माणसे इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे जे शहर झाले, त्याला नाव मिळाले तेही या नदीचेच.

शहाडला या नदीचे पाणी उचलले जाते. शहाड-टेमघर योजनेच्या जलवाहिन्यांतून ते शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या भागांत जाते. शहाड हे नावदेखील ज्यांच्या कानांवरून कधी गेले नसेल, अशा कितीतरी घरांच्या माठात शहाडचे पाणी असते! आणि त्याच नदीत काठच्या गावांचे सांडपाणी येऊन मिळते, उन्हाळ्यात जलपर्णीची हिरवी चादर पसरते. तेव्हा प्रश्न असा की, पेल्यात घेतलेले निवळशंख पाणी खरोखर निर्मळ आहे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे?

याच प्रश्नाचे दुसरे रूप आपल्या ओळखीचे आहे. घरात मुलाला पाच दिवस ताप येतो. डॉक्टर रक्त तपासून आणायला सांगतात. रक्त काढताना अर्धे मिनिट लागते आणि उत्तर मिळते तीन-चार दिवसांनी. “एवढे काय पाहतात हो ते?” असे आपण चिडून म्हणतो. ते काय पाहतात आणि त्याला इतका वेळ का लागतो, हेच आज सांगावयाचे आहे.

नुसते दिसून भागत नाही

पुष्कळांची अशी समजूत असते की, रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की आत विषमज्वराचा जंतू, क्षयाचा जंतू, पटकीचा जंतू आपापल्या नावाची पाटी घेऊन उभे असतात. तसे असते तर किती बरे झाले असते! जंतू म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतल्या एक-दोन भागांएवढा जीव. हजारपट मोठा करून पाहिला तरी तो तांदळाच्या कणीसारखा नाही तर मोहरीसारखा दिसतो. कोणी गोल, कोणी लांबट, कोणी स्वल्पविरामासारखा वाकडा. एवढाच काय तो फरक.

त्यातून गंमत अशी की, आपल्या सगळ्यांच्या आतड्यांत सुखाने नांदणारा ‘कोलाय’ हा जंतू आणि विषमज्वराचा ‘टायफी’ हे दोघेही लांबट कण. शेजारी शेजारी ठेवले तर मोठमोठ्या पंडितांनाही नुसत्या नजरेने वेगळे काढता येणार नाहीत. एक बहुतेक वेळा निरुपद्रवी, दुसरा माणसाला महिनाभर अंथरुणाला खिळवणारा. जुळ्या भावांपैकी चोर कोणता हे चेहऱ्यावरून ठरत नसेल, तर पोलीस त्याची चालचलणूक तपासतात. जंतुशास्त्रज्ञही तेच करतो.

जांभळे आणि गुलाबी

या ओळखपरेडीतली पहिली युक्ती १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिस्तियन ग्राम या डॅनिश डॉक्टरने शोधली. काचेवर जंतूंचा पातळ लेप द्यायचा, त्यावर जांभळा रंग घालायचा, मग आयोडीन, आणि मग तो लेप अल्कोहोलने धुवायचा. काही जंतू रंग घट्ट धरून ठेवतात आणि जांभळेच राहतात. काहींचा रंग धुऊन जातो. त्यांना मागाहून लाल रंग दिला म्हणजे ते गुलाबी दिसतात. कारण असे की, पहिल्या जातीच्या अंगावरची भिंत जाड असते आणि रंग तिच्यात अडकून बसतो. दुसऱ्यांची भिंत पातळ असते.

पाच मिनिटांचे हे काम, पण त्याने सगळ्या जंतुसृष्टीचे दोन मोठे तट पाडले. गळवातले पू करणारे गोल जंतू जांभळे. टायफी, कोलाय, पटकी, प्लेग हे सारे गुलाबी. आजही शहरातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत सकाळचे पहिले काम हेच असते.

क्षयाचा जंतू मात्र मोठा हेकट. त्याच्या अंगावर मेणचट आवरण असते, म्हणून साधा रंग त्याला लागतच नाही. तापवून लाल रंग आत घुसवावा लागतो, आणि एकदा घुसला की आम्लाने धुतले तरी तो सुटत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर या बारीक लाल काड्या दिसल्या की थुंकीच्या तपासणीचा निकाल तिथेच लागतो. हा जंतू रॉबर्ट कॉख याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या सभेत जगासमोर मांडला. त्याच्या स्मरणार्थ ती तारीख आज क्षयरोगदिन म्हणून पाळतात.

चायना ग्रासची बशी

पण ओळख पटवायची तर एक जंतू पुरत नाही, त्याचे सबंध कुटुंब वाढवावे लागते. त्यासाठी त्याला खायला घालायचे, ऊब द्यायची आणि वाट पाहायची. कॉखच्या प्रयोगशाळेत आधी जिलेटिनवर जंतू वाढवीत. पण जिलेटिन शरीराच्या उष्णतेला वितळते, आणि काही जंतू तर तेच खाऊन टाकतात. ही अडचण सोडवली ती एका गृहिणीने. वाल्टर हेस या संशोधकाची पत्नी फॅनी हेस मुरंबे आणि जेली करताना समुद्रशैवालापासून केलेले ‘अगर’ वापरीत असे. तिने ते नवऱ्याला सुचवले. आपल्या बायका ज्याला चायना ग्रास म्हणतात आणि पुडिंगात घालतात, तेच हे. उकळल्याशिवाय ते वितळत नाही, आणि एकदा गोठले की शरीराच्या उष्णतेलाही तसेच घट्ट राहते. १८८७ साली पेट्री याने त्यासाठी झाकणाची सपाट बशी काढली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांची मांडणी ठरून गेली.

या बशीवर जंतू विरळ पसरला की एकेका जंतूपासून एकेक ठिपका वाढतो. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून रात्री ठेवलेली बशी सकाळी ठिपक्यांनी भरलेली असते. क्षयाच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला जवळजवळ सबंध दिवस लागतो. म्हणून अंडे घातलेल्या खाद्यावर वाढवलेला त्याचा ठिपका दिसायला आठवडेच्या आठवडे जातात.

आता खरी मौज पुढे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅकॉन्की याने असे खाद्य बनवले की, त्यात पित्ताचे क्षार, दुधातली साखर आणि एक रंग असे तिन्ही घातलेले. पित्तामुळे आतड्यात राहण्याची सवय नसलेले जंतू आपोआप वगळले जातात. उरलेल्यांपैकी ज्याला दुधातली साखर पचते तो ती आंबवतो, आम्ल तयार होते आणि ठिपका गुलाबी दिसतो. ज्याला ती पचत नाही त्याचा ठिपका बिनरंगी राहतो. कोलाय गुलाबी, टायफी बिनरंगी! काल सूक्ष्मदर्शकाखाली जे जुळे भाऊ वाटत होते, ते आज जेवणाच्या ताटावरून वेगळे झाले.

तरीही शंका उरते, कारण बिनरंगी ठिपके करणारे आणखीही पुष्कळ आहेत. मग साखरेच्या नळ्यांची रांग लागते. प्रत्येक नळीत वेगळी साखर, आणि आत उलटी बुडवलेली इवलीशी नळी. जंतूने वायू सोडला तर त्या नळीत बुडबुडा अडकतो. टायफी द्राक्षशर्करा आंबवतो खरा, पण वायू सोडत नाही. कोलाय सोडतो. शेवटी काचपट्टीवर जंतूचा थेंब आणि त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या रक्तद्रवाचा थेंब एकत्र करतात. ओळख पटली तर दूध नासावे तशा गुठळ्या क्षणात दिसू लागतात. तेवढे झाले म्हणजे मग अहवालावर नाव लिहायचे.

पटकीचा जंतू पकडण्याची रीत तर पाहत राहावी अशी आहे. जुन्या पिढीतल्या काहींना पटकीची सुई टोचून घेऊन पंढरीला गेल्याचे आठवत असेल. तीच ही पटकी. १८८४ च्या आरंभी कॉखला कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यात आणि पुढे तिथल्या एका तलावाच्या पाण्यातही हा स्वल्पविरामासारखा जंतू सापडला. त्याला खारट, अल्कधर्मी पाणी आवडते, म्हणून नमुना आधी तशा पाण्यात काही तास ठेवतात. मग थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की जंतू उल्का सुटाव्यात तसे इकडून तिकडे धावताना दिसतात. त्यात पटकीविरोधी रक्तद्रव मिसळला की सगळे धावणारे जागच्या जागी थांबतात. पोलिसाने शीळ घालावी आणि चोरांनी पावले रोखावीत, तसेच!

परळचे तूप

हे सारे परदेशातच घडले असे कोणी समजू नये. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने आणि जांघेतल्या गाठींनी माणसे मरू लागली. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, असे निदान केले. पुष्कळांनी ते मानले नाही. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत ते खरे ठरले. त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका व्हरांड्यात, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या लवाजम्यावर त्यांनी काम मांडले.

प्लेगचा जंतू ओळखायचा कसा? रंगवला तर त्याची दोन टोके गडद आणि मध्य फिका, सेफ्टी पिनसारखा दिसतो. पण हाफकिन यांची खूण अस्सल देशी होती. मांसाच्या रसात जंतू वाढवताना त्यांनी पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू त्या थेंबांना धरून वाढले, आणि गुहेच्या छतावरून खाली लोंबणाऱ्या सुळक्यांसारख्या बारीक वाती रसात उतरल्या. बाटली हलवली की त्या गळून तळाशी बसत आणि नव्या वाती फुटत. ही प्लेगच्या जंतूची खूण मानली गेली. मांसरसही येथील लोकांच्या भावना लक्षात घेऊन बोकडाच्या मांसाचा केला होता. याच वाढीपासून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले निधन पावल्या; जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा जंतू महाराष्ट्राच्या इतिहासात किती खोल शिरला होता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

याच हाफकिन यांच्या आयुष्यात एक भयंकर प्रकरण घडले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ माणसांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला, आणि ती सगळी दगावली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना काम सोडावे लागले. परंतु जंतूंची चालचलणूक जाणणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली. धनुर्वाताचा जंतू बाटलीत आधीपासून वाढत असता, तर आतून असह्य दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तर ती हुंगून पाहिली होती, आणि तसा वास नव्हता. पुढे उघड झाले की, बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वर्तमानपत्रात आवाज उठवल्यावर १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. एका माणसाची अब्रू वाचली, ती जंतूच्या एका सवयीमुळे!

शहाडच्या बाटलीत काय शोधतात?

आता पुन्हा नदीकडे वळू. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला की तिथे टायफी किंवा पटकीचा जंतू शोधत असतील, असे आपल्याला वाटेल. रोजच्या तपासणीत तसे करीत नाहीत. कारण साधे आहे. दूषित पाण्यातही रोगजंतू अगदी थोडे असतात; आज सापडतील, उद्या निसटतील. तेव्हा त्यांच्याऐवजी कोलायचा शोध घेतात. तो प्रत्येक माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात अब्जावधींनी असतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ मलाचा अंश पाण्यात आला, आणि ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने टायफीही केव्हा तरी येणार. चोर दिसला नाही तरी भिंतीला पडलेले भोक दिसले की घरधनी सावध होतो. कोलाय म्हणजे ते भोक.

पद्धत जुनीच, पण पक्की. मॅकॉन्कीचा रस भरलेल्या नळ्यांत पाण्याचे ठरावीक माप घालतात आणि ३७ अंशांवर ४८ तास ठेवतात. किती नळ्यांत रंग पालटला आणि वायू साठला, यावरून कोष्टक पाहून संख्या काढतात. मग ४४ अंशांवर पुन्हा वाढवून ती आतड्यातलीच जात आहे याची खात्री करतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात एकही कोलाय सापडता कामा नये. इथे ‘थोडेसे चालेल’ अशी सवलत नाही.

अहवाल यायला दोन दिवस लागतात, आणि पाणी तर रोज प्यायचे. म्हणून नळावर क्लोरिन उरला आहे की नाही हे पाहण्याची ओ.टी. चाचणी करतात. नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब घातल्यावर ते पिवळे झाले तर क्लोरिन आहे. दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी तो उरला पाहिजे. खेड्यापाड्यांसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण-संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली आणखी सोपी युक्ती प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाची बाटली पाण्याने भरायची आणि उबेत ठेवायची. पाणी काळे पडले तर ते प्यायचे नाही. त्याला ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना पदवीधर.

घाईचा साक्षीदार

पुन्हा त्या तापलेल्या मुलाकडे येऊ. रक्त आधी खाद्याच्या बाटलीत वाढवावे लागते. एक दिवस त्यात जातो. वाढ दिसली की बशीवर पसरायचे, दुसरा दिवस. ठिपक्यांवरून साखरेच्या नळ्या आणि औषधांची परीक्षा, तिसरा दिवस. चौथ्या दिवशी निकाल. यातला एकही दिवस आळसात गेलेला नसतो.

इतका धीर कोणाला? म्हणून पुष्कळदा नुसती ‘विडाल’ करून घेतात. १८९६ साली पॅरिसच्या विडाल यांनी काढलेल्या या परीक्षेत जंतू शोधत नाहीत. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्ये रोग्याच्या रक्तात आहेत का, हे पाहतात. म्हणजे हा प्रत्यक्ष पुरावा नव्हे, साक्षीदाराची जबानी झाली. आणि हा साक्षीदार उशिरा येतो, पहिल्या आठवड्यात बहुधा मुकाच असतो. शिवाय आपल्या देशात विषमज्वर नित्याचा. पूर्वी कधी होऊन गेला असेल, लस घेतली असेल, तरी तो ‘होय’ म्हणतो. एकदाच केलेल्या विडालवर विसंबून दिलेली औषधे कित्येकदा भलत्याच तापावर खर्ची पडतात.

आणि आणखी एक. रक्त काढण्याआधीच घरातल्या डब्यातल्या उरल्यासुरल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या मुलाला दिलेल्या असतात. पंचनाम्याआधी घर झाडून काढावे, तसे हे झाले! जंतू अर्धमेला होतो, बाटलीत वाढत नाही, पण मुलाच्या अंगात शिल्लक राहतो.

जंतूचे नाव कळण्याइतकेच तो कोणत्या औषधाला बधतो हे कळणे महत्त्वाचे. बशीभर जंतू पसरून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडते त्याच्या भोवती मोकळे वर्तुळ उमटते. जे पडत नाही त्याच्या चकतीला जंतू खेटून वाढतात. १९७२ साली कालिकत येथे विषमज्वराची साथ आली, तेव्हा वर्षानुवर्षे रामबाण मानलेले क्लोरॅम्फेनिकॉल चालेनासे झाल्याचे दिसले. त्यानंतर आलेल्या औषधांपैकीही कित्येकांची धार बोथट झाली आहे. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने मुलांना विषमज्वराची नवी लस देण्याची मोहीम काढली, तिची निकड यावरून कळेल.

मामला आणि सुरत

ओळख वेळेवर पटली नाही तर काय होते, हे १९९४ साली दिसले. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीचा प्लेग असल्याचा बोभाटा झाला. सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाचा प्लेग म्हणून हाहाकार उडाला. लाखो लोक सुरत सोडून निघाले. मुंबईत टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. परदेशांनी विमाने बंद केली. इकडे काही शास्त्रज्ञांनी हा प्लेग नव्हेच, दुसराच काही रोग आहे, अशी शंका घेतली. कारण आरंभीचा पुरावा बव्हंशी रक्तद्रवाच्या साक्षीचा होता. बशीवर वाढलेला, सर्वांना पटेल असा जंतू वेळेवर हाती नव्हता. पुढे जनुकीय तपासणीने तो प्लेगचाच जंतू ठरला. पण तोवर भीतीने आपले काम करून घेतले होते. ज्या मुंबईत एका व्हरांड्यात तुपाच्या वाती पाहून हा जंतू ओळखला होता, तिथून अठ्ठ्याण्णव वर्षांनी हे घडावे!

आज साधने पुष्कळ पुढे गेली आहेत. १९८३ साली कॅरी मलिस यांनी शोधलेल्या पी.सी.आर. पद्धतीने जंतूच्या जनुकाच्या एका तुकड्याच्या काही तासांत कोट्यवधी प्रती होतात. क्षयाच्या ज्या तपासणीला आठवडे लागत, ती थुंकीवरून सुमारे दोन तासांत होते, आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही हेही त्यातच कळते. मोठ्या रुग्णालयांत बशीवरचा ठिपका लेसर किरणाने उडवून, त्यातल्या प्रथिनांच्या वजनावरून काही मिनिटांत जंतूचे नाव सांगणारे यंत्र आले आहे. पण पाहा, तिथेही ठिपका बशीवर आधी वाढावाच लागतो. फॅनी हेसच्या चायना ग्रासला अजून सुट्टी नाही.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरांनी रक्त किंवा थुंकी तपासायला सांगितली, तर तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नमुना औषध सुरू करण्याआधी द्यावा. ताप लांबला असेल तर नुसती विडाल पुरे की जंतू वाढवून पाहणे बरे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. आणि अहवालात औषधांची यादी असेल तर तो कागद जपून ठेवावा. पुढच्या आजारात तो उपयोगी पडतो. सोसायटीची टाकी धुतल्यावर ओ.टी. चाचणी झाली का, हे विचारणाराही इमारतीत एकजण असावा. त्याला शेजारी थोडे चिकित्सक म्हणतील. म्हणू द्यावे.